आजींना रुग्णालयात न्यायचे, पण कशासाठी?

रात्री साडेअकराला फोन वाजला. पुण्याबाहेरच्या ज्या वृद्ध शुश्रूषा केंद्रात मी आठवड्यातून एकदा तपासणीला जातो, तिथून होता. ‘सर, चार नंबरच्या आजींना ताप आहे, छाती भरलीय. अॅम्ब्युलन्स बोलावू का?’ आजी ८६ वर्षांच्या. स्मृतिभ्रंश होऊन नऊ वर्षे झालेली. दोन वर्षांपासून चालणे बंद, वर्षभरापासून बोलणेही. सहा महिन्यांतली ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळी त्या अतिदक्षता विभागात जाऊन आल्या. नळ्या ओढतात म्हणून तिथे हात बांधून ठेवावे लागले आणि परतल्या त्या कमरेखाली शय्याव्रण घेऊन.

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, ‘डॉक्टर, तुम्हीच सांगा.’ अमेरिकेतला मुलगा म्हणाला, ‘सगळं करा, पैशांची काळजी करू नका.’ दोघांचेही आईवर प्रेम आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण ‘सगळं’ म्हणजे काय आणि ते कशासाठी, हे आमच्यापैकी कोणीच कधी बोललेलो नव्हतो. आजी त्या रात्री पुन्हा रुग्णालयात गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रातला त्यांचा दाखल्याचा अर्ज काढून पाहिला. आधार कार्ड, अनामत रक्कम, मधुमेह आहे का, शाकाहारी की मांसाहारी, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचे, कोणत्या रुग्णालयात न्यायचे. सगळे रकाने भरलेले. न्यायचे की नाही, आणि नेऊन काय मिळवायचे, याला रकानाच नव्हता. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की बाळंतपणाचे किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेचे छोटे रुग्णालय डोळ्यांसमोर येते. वृद्धांनी कायमचे राहायचे, जिथे त्यांची शुश्रूषा होते, अशा जागेला धड नावही नाही. मग तिथली रीत तरी कुठून ठरलेली असणार!

पाश्चात्त्य देशांत या विषयाला ‘शुश्रूषेची उद्दिष्टे’ अशा अर्थाचे नाव आहे. ढोबळमानाने उद्दिष्टे तीन. शक्य तितके आयुष्य वाढवणे. आहे ती हालचाल, खाणेपिणे, ओळख टिकवणे. किंवा त्रास कमी करून माणसाला आरामात ठेवणे. तिन्ही बरोबरच आहेत आणि एकाच माणसासाठी काळानुसार बदलतात. ७० वर्षांचे, पक्षाघातानंतर व्यायाम करून पुन्हा काठी धरू लागलेले काका न्यूमोनियाने आजारी पडले, तर त्यांना रुग्णालयात न्यायलाच हवे. चार नंबरच्या आजींचे गणित वेगळे. औषध दोघांनाही तेच लागू पडेल, पण ते कशासाठी द्यायचे हे आधी ठरलेले हवे.

बोस्टन परिसरातल्या २२ शुश्रूषागृहांमधल्या, स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातील ३२३ रहिवाशांचा १८ महिने मागोवा घेणारा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळात निम्म्याहून अधिक जण गेले. सुमारे ८६ टक्क्यांना खाण्यागिळण्याची अडचण आली, सुमारे ४१ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. म्हणजे ताप, छाती भरणे, घास न उतरणे हे अचानक आलेले संकट नसते. तो या आजाराचाच मार्ग आहे. आणि ज्या नातलगांना हा मार्ग समजला होता, त्यांच्या माणसांच्या वाट्याला शेवटच्या तीन महिन्यांत त्रासदायक उपचार बरेच कमी आले.

समजावून सांगता येते का? येते. नॉर्थ कॅरोलायनातल्या २२ शुश्रूषागृहांत ३०२ रहिवासी आणि त्यांचे नातलग घेऊन झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. नातलगांना १८ मिनिटांची एक चित्रफीत दाखवली, मग शुश्रूषा करणाऱ्या चमूबरोबर एक बैठक. बस, एवढेच. पुढे रुग्णालयात हलवण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. यात नवे यंत्र नाही, महागडे औषध नाही. म्हणूनच कदाचित याची जाहिरात होत नाही.

सर्वांत अवघड बोलणे नाकातल्या नळीचे असते. ‘उपाशी कसं ठेवायचं?’ हा आपल्या संस्कारांतून आलेला प्रश्न आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण वाढलेल्या स्मृतिभ्रंशात नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो, असे पुराव्यांतून दिसत नाही. अमेरिकेतल्या वृद्धवैद्यकतज्ज्ञांची संघटना नळीऐवजी हाताने, सावकाश भरवण्याची शिफारस करते. त्याला वेळ लागतो, एका घासाला दोन-दोन मिनिटे, आणि तो वेळ देणारी माणसे लागतात. केंद्रांची खरी अडचण इथे आहे. नळी घातली की एक मावशी आठ जणांना ‘जेवू’ घालू शकते.

मावशींचा विषय निघालाच आहे तर, या बैठकीत त्यांना बसवलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आजी कोणत्या कुशीवर झोपल्या की कण्हत नाहीत, कोणते गाणे लावले की तोंड उघडतात, हे माझ्या फायलीत नसते. ते मावशींना ठाऊक असते. त्यांना मात्र आपण खोलीबाहेर उभे करतो.

एक आक्षेप मला मान्य आहे. ‘आराम हेच उद्दिष्ट’ हे शब्द हलगर्जीवर पांघरूण घालायला वापरले जातील. खर्च वाचवणारा मालक किंवा कंटाळलेला नातलग त्यांची ढाल करील. म्हणून कागदावर नुसते काय करायचे नाही एवढेच लिहून चालणार नाही, काय करायचे तेही हवे. दर दोन तासांनी कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता, तापाला औषध, दम लागल्यास मॉर्फिनचा अल्प डोस. २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायदा सुधारून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी मॉर्फिनची वाट सोपी केली गेली. तरीही आमच्या केंद्रात ते नाही आणि त्यासाठी मी स्वतः पुरेसा पाठपुरावा केलेला नाही, हेही इथे कबूल करतो.

दुसरी भीती कायद्याची. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जिवंतपणीच्या इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ मध्ये अटी सैल करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येईल, असे केले. पण असे पत्र मन शाबूत असतानाच करावे लागते, आणि आपल्याकडची माणसे केंद्रात येतात तोवर बहुधा उशीर झालेला असतो. शिवाय उद्दिष्टांची चर्चा म्हणजे इच्छापत्र नव्हे. कृत्रिम श्वास काढायचा की नाही, हा तिचा विषय नाही. तो निर्णय रुग्णालयातच, ठरलेल्या वैद्यकीय मंडळांमार्फत होतो. आपल्याला फक्त त्या दारापर्यंत कोणाला आणि कशासाठी न्यायचे, हे दिवसाउजेडी ठरवायचे आहे.

आजी अकरा दिवसांनी परतल्या. पुढच्या रविवारी आम्ही बसलो. मुलगी, मावशी, परिचारिका, मी, आणि पडद्यावर मुलगा. पाऊण तास लागला. त्यातली पंधरा मिनिटे मुलगा रडत होता. त्याला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे होते की हा आजार आता बरा होणार नाही. ते आजवर कोणी, मीही, सांगितले नव्हते. मग मुलगी म्हणाली, ‘आईला दवाखान्याचा वास कधीच सहन व्हायचा नाही.’ आम्ही एका पानावर लिहिले: ताप आला तर इथेच औषध, गोळी गिळवली नाही तर सलाईनशिवाय जमेल तेवढे, हाड मोडले किंवा वेदना आटोक्यात येत नसतील तरच रुग्णालय, नळी नाही, भरवताना घाई नाही, दर तीन महिन्यांनी पुन्हा बैठक. एक प्रत फायलीत, दुसरी आजींच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. रात्रपाळीच्या मावशीला वाचता यावे म्हणून मोठ्या अक्षरात.