इमारतीच्या दारावर स्टार कधी लागणार?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण विषय आपल्या खिशाचा आणि आपल्या उकाड्याचा आहे. वाचा.

पंखा, फ्रिज, एसी घ्यायला गेलो की आपण आधी स्टार बघतो. मग ज्या इमारतीत असे शेकडो एसी चालतात, तिच्या दारावर काहीच का नाही? माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या भागातल्या प्रत्येक मोठ्या व्यावसायिक इमारतीनं वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट वीज वापरली, त्याची पाटी दर्शनी भागात लावावी. सुरुवात महापालिकेनं स्वतःच्या इमारतींपासून करावी.

परळ-भोईवाड्याला वीज नवी नाही. 1915 साली खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं ते मुख्यतः इथल्या गिरण्यांसाठी. त्या गिरण्यांची छपरं आठवा, करवतीच्या दात्यांसारखी. काचा उत्तरेकडे, म्हणजे उजेड भरपूर आणि थेट ऊन फारसं नाही. बांधणाऱ्यानं सूर्य कुठून येतो हे बघून बांधलं होतं. आता त्याच जमिनींवर काचेचे टॉवर आहेत. पश्चिमेकडून ऊन आत घ्यायचं, पडदे ओढायचे, दिवसा दिवे लावायचे आणि मग ती गरमी बाहेर काढायला एसी! गिरणीत माणसं घामानं निथळायची, तो काळ चांगला होता असं मी म्हणत नाही. पण छपराची ती अक्कल कुठे गेली?

कारण साधं आहे. बांधणारा बिल्डर गाळे विकून मोकळा. मालक भाड्यानं देऊन मोकळा. बिल येतं भाडेकरूला, आणि त्याला ना काच बदलता येते ना सेंट्रल एसी. ज्याच्या हातात बदल आहे त्याला बिल नाही, ज्याला बिल आहे त्याच्या हातात काही नाही. आणि ज्याचा या व्यवहाराशी संबंधच नाही, तो समोरच्या चाळीतला माणूस एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा खात बसतो.

कायदा नाही असं नाही. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. व्यावसायिक इमारतींसाठीची ऊर्जा संहिता 2007 साली आली, 2017 मध्ये सुधारली. ती मुख्यतः 100 किलोवॅट किंवा त्याहून जास्त कनेक्टेड लोड असलेल्या नव्या बांधकामांसाठी आहे. उभ्या असलेल्या ऑफिस इमारतींना स्टार देण्याची योजनाही 2009 पासून आहे. पण ती ऐच्छिक. परीक्षेला बसायचं की नाही हे विद्यार्थ्यानंच ठरवायचं, मग नापास होणारा बसेल कशाला? इकडे 2022 च्या मुंबई हवामान कृती आराखड्यात लिहिलंय की शहराच्या उत्सर्जनातला सुमारे 72 टक्के वाटा ऊर्जेच्या वापराचा आहे.

"जुन्या इमारतीत काय होणार?" असं विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण. फोर्टमधलं गोदरेज भवन 1972 चं. 2010 च्या सुमारास तिथली जुनी एसी यंत्रणा आणि दिवे बदलले, वापरावर नजर ठेवणारी व्यवस्था बसवली. विजेचा वापर उतरला आणि खर्च पाच वर्षांच्या आत वसूल झाला, असं त्यावरच्या अभ्यासात नोंदलंय. इमारत पाडली नाही, कोणाला बाहेर काढलं नाही.

आता छोट्या गाळ्यांचं बघू. जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी पंखा साधारण 30. दिवसाला दहा तास, वर्षाला 300 दिवस चालला तर एका पंख्यामागे 135 युनिट वाचतात. युनिट दहा रुपयांचं धरा, झाले 1350 रुपये. दोन-अडीच वर्षांत पंख्याचे पैसे वसूल. एसी 18 वरून 24 वर आणायला तर एक पैसाही लागत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबानं दर अंशामागे सुमारे 6 टक्के वीज वाचते.

काही जण म्हणतील, केईएम, टाटा, वाडिया इथं आहेत, तिथं कसली काटकसर करता? ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूच्या थंडाव्याला कोणी हात लावू नये, हे उघड आहे. पण प्रत्येक हॉस्पिटलात कार्यालयं असतात, लांबच लांब कॉरिडॉर असतात, रात्रभर जळणारे दिवे असतात. तिथं वाचलेला पैसा औषधांना गेला तर कोणाला नकोय?

पाटीनं लगेच वीज वाचणार नाही, हे मलाही कळतं. पण भाड्यानं जागा घेणारा दोन इमारतींचे आकडे शेजारी ठेवून बघेल. मालकाला पहिल्यांदाच उत्तर द्यावं लागेल. आज तो आकडा बिलाच्या फायलीत पडून आहे, म्हणून कोणी विचारत नाही.

तेव्हा तुमच्या गाळ्याच्या, ऑफिसच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारा: गेल्या बारा महिन्यांत कॉमन मीटरवर किती युनिट गेली? वर्षाची बेरीज करा, क्षेत्रफळानं भागा. जो आकडा येईल तो खाली कॉमेंटमध्ये टाका, इमारतीचं नाव नको, फक्त कशाची आहे आणि किती जुनी ते लिहा. पुरेसे आकडे जमले की यादी घेऊन एफ दक्षिण वॉर्ड ऑफिसात जाऊ. पाटीची मागणी तिथेच लेखी देऊ.