बिनकुलपाचा ठेवा

गुप्तधनाच्या कथा ऐकल्या नाहीत असे मराठी घर विरळाच. पडक्या वाड्याच्या भिंतीत किंवा जुन्या विहिरीच्या काठी मोहरांचा हंडा पुरलेला असावयाचा, त्यावर नागाचा पहारा असावयाचा आणि डोळ्यांत अंजन घातलेल्या पायाळू माणसालाच तो दिसावयाचा. या कथांचे तपशील गावोगाव बदलतात. एक गोष्ट मात्र बदलत नाही. ज्याला हंडा सापडतो तो रातोरात तो घेऊन जातो आणि कोणास सुगावा लागू देत नाही. सापडलेली वस्तू पुन्हा होती तेथेच ठेवून देणारा नायक कोणत्याही आजीच्या गोष्टीत आढळावयाचा नाही.

गेल्या पाव शतकात जगभर पसरलेल्या एका छंदाचा नायक मात्र नेमका असा आहे. ‘जिओकॅशिंग’ हे त्या छंदाचे नाव. यातील ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी. ‘कॅश’ हा शब्द रोकड या अर्थाचा नव्हे; उच्चार सारखा असला तरी तो फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आलेला निराळा शब्द असून लपवून ठेवलेला साठा असा त्याचा अर्थ आहे. कोणी एक जण लहानशी पेटी सार्वजनिक जागी, परंतु सहज दृष्टीस पडणार नाही अशी ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश व रेखांश जाहीर करतो. दुसरे कोणी तेवढ्या आकड्यांवरून ती हुडकून काढतात, आतील वहीत नाव व तारीख लिहितात आणि पेटी जशीच्या तशी ठेवून परत फिरतात.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले आज युरोप-अमेरिकेत स्थायिक आहेत. त्यांच्याकडे काही महिने राहावयास गेलेल्या आजी-आजोबांस दिवस कसा घालवावा हा प्रश्न पडतो आणि नातवंडांची दृष्टी पडद्यावरून हलत नाही. दोहोंवर उपाय म्हणून या छंदाची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल. तथापि मला त्याविषयी लिहावेसे वाटले ते निराळ्या कारणाने. ते पुढे येईलच.

अशा खेळाचे बीज तसे जुने आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डार्टमूर नावाचे ओसाड माळरान आहे. तेथील क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एक बाटली ठेवली. चिखल-दलदल तुडवीत तेथवर पोहोचणारा प्रवासी आपल्या नावाची चिठ्ठी तीत टाकून येई. पुढे त्या माळरानावर वह्या आणि रबरी शिक्के असलेल्या पेट्या ठेवल्या जाऊ लागल्या. तो छंद आजही चालू आहे.

आधुनिक खेळाचा जन्म मात्र एका सरकारी निर्णयातून झाला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेल्या ‘जीपीएस’ या उपग्रहमालिकेचे संकेत सामान्य नागरिकांस मिळत असत, परंतु त्यांत हेतुपुरस्सर दोष मिसळलेला असे. त्यामुळे दाखविलेले स्थान शंभर मीटरपर्यंत चुके. १ मे २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी हा दोष काढून टाकण्याची घोषणा केली आणि त्याच रात्री जगातील प्रत्येक साधे यंत्र पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक झाले. ती अचूकता पारखण्यासाठी ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ एक काळी बादली ठेवली. तीत वही, पेन्सिल, काही पुस्तके, चित्रफिती आणि एक गलोलही होती. काही घ्यावे आणि काही ठेवावे, एवढाच नियम. जागेचे आकडे त्यांनी संगणकावरील एका चर्चामंडळात जाहीर केले आणि तीन दिवसांच्या आत बादली शोधली गेली. ‘जिओकॅशिंग’ हे नाव त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी सुचविले. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यांनी या छंदासाठी संकेतस्थळ उघडले तेव्हा जगात अवघ्या ७५ पेट्या होत्या. आज त्या तीस लाखांहून अधिक आहेत.

अक्षांश-रेखांश हे शब्द एरवी आपल्या घरात येतात ते पत्रिका मांडण्याच्या वेळी. ज्योतिषी जन्मस्थळ विचारतो, पंचांगाच्या कोष्टकातून दोन आकडे काढतो आणि आपण ते विसरून जातो. शाळेतही भूगोलाच्या पुस्तकातील उभ्या-आडव्या रेषा परीक्षेपुरत्याच राहतात. या छंदात त्या रेषा पायांखाली येतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साठ कला आणि एक कला म्हणजे जमिनीवर सुमारे १८५२ मीटर. पेटीचा पत्ता अंश, कला व कलेचा हजारावा भाग असा लिहितात. हा हजारावा भाग दोन मीटरांहूनही थोडा कमी भरतो. रेखांशाचे तसे नाही. विषुववृत्तापासून दूर जावे तसतशा त्या रेषा एकमेकींजवळ येतात, म्हणून तोच हजारावा भाग लंडनमध्ये बेळगावातल्यापेक्षा पुष्कळच आखूड असतो. ही गोष्ट फळ्यावर सांगून मुलाच्या गळी उतरत नाही. चालून पाहिली की पुन्हा सांगावी लागत नाही.

उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येकात अणुघड्याळ असते. संकेत निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ यांतील फरकावरून अंतर निघते. तीन उपग्रहांवरून आपले स्थान ठरावे. परंतु आपल्या हातातील यंत्राचे घड्याळ तितके अचूक नसल्याने ती उणीव भरून काढण्यास चौथा लागतो. घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तर अंतर तीनशे मीटरांनी चुकते.

साधनसामग्रीचा खर्च फारसा नाही. आरंभी हातात धरावयाची जीपीएस यंत्रेच वापरीत. ती टिकाऊ असल्याने रानात हिंडणारे लोक आजही पसंत करतात. नवशिक्यास मात्र खिशातील मोबाईल पुरे. संकेतस्थळाचे अधिकृत ॲप आहे. त्यात प्राथमिक पेट्या विनामूल्य दिसतात, बाकीच्यांसाठी वर्गणी पडते. अँड्रॉइड फोनवर ‘सी-जिओ’ हे विनामूल्य ॲपही पुष्कळ लोक वापरतात. नकाशांपैकी ‘ओपन स्ट्रीट मॅप’ विशेष उपयोगाचा. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा जगभरच्या स्वयंसेवकांनी रेखाटला असून मोटारीच्या रस्त्यांइतक्याच आस्थेने त्यात पायवाटा दाखविलेल्या असतात. तो घरूनच फोनमध्ये उतरवून घ्यावा. उपग्रहाचा संकेत रानातही मिळतो. नकाशा आणणारे इंटरनेट तेथे मिळेलच असे नाही.

याखेरीज स्वतःचे पेन, बॅटरी भरण्यासाठी पॉवर बँक, लहान विजेरी, पाण्याची बाटली आणि एक काठी एवढे बरोबर असावे. काही डब्या बोटाच्या पेराएवढ्या असतात. त्यांतील कागदाची सुरळी काढण्यास चिमटा लागतो. पोकळीत हात घालण्यापूर्वी काठी फिरवावी. युरोप-अमेरिकेच्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्या दंशाने लाइम नावाचा आजार होऊ शकतो. म्हणून पाय झाकणारे कपडे घालावेत आणि घरी आल्यावर अंग तपासावे.

प्रत्येक पेटीस दोन गुणांक असतात. शोधणे किती अवघड हे पहिला सांगतो, तेथवर पोहोचणे किती कष्टाचे हे दुसरा. दोन्ही एक ते पाच असे वाढत जातात. गुडघे दुखणाऱ्या आजोबांनी दुसरा आकडा आधी पाहावा. फोनवरील बाण सरळ रेषा दाखवितो. मध्ये ओढा आहे की कुंपण हे त्याला ठाऊक नसते. म्हणून आधी नकाशा वाचावा आणि मग बाणाकडे पाहावे. शेवटच्या दहा मीटरांत तर यंत्र खिशात घालावे. दाट झाडी आणि उंच इमारती यांमुळे आकडे हलू लागतात, आणि तेथून पुढे काम डोळ्यांचे. कोणता दगड जरा अधिकच नीट बसविलेला आहे, कोणती फांदी मुद्दाम आडवी टाकल्यासारखी दिसते, हे नातीला आजोबांच्या आधी दिसते, असा बहुतेकांचा अनुभव आहे.

आता या खेळाचे शिष्टाचार. वहीत नाव लिहिल्यावाचून शोध पुरा झाला असे मानत नाहीत. पेटीतील एखादी चीजवस्तू घेतली, तर तितक्याच किंवा अधिक मोलाची दुसरी ठेवावी. खाद्यपदार्थ ठेवू नयेत, कारण वासाने जनावरे पेटी फोडतात. चाकू, मद्य, स्फोटक पदार्थ तर नाहीतच. काही वस्तूंवर क्रमांकाची पट्टी असते. ती वस्तू प्रवासाला निघालेली समजावी आणि पुढच्या पेटीत नेऊन ठेवावी, घरी ठेवून घेऊ नये. पेटीसाठी जमीन खणावयाची नाही, झाडाला खिळा मारावयाचा नाही, आणि जागेच्या मालकाची अनुमती घ्यावयाची. ज्याला वेळोवेळी जाऊन देखभाल करता येणार नाही त्याने पेटी ठेवूच नये. म्हणून पाहुण्यांनी शोधावे, ठेवण्याचे काम तेथील रहिवाशांवर सोडावे. पेटी सापडली नाही, तर तशी नोंदही संकेतस्थळावर करावी. त्यात कमीपणा नाही, उलट पेटी हरवली असल्यास ठेवणाऱ्यास त्यावरून कळते. शिवाय जाताना एक पिशवी न्यावी आणि वाटेतील कचरा गोळा करून आणावा, असा परिपाठ २००२ पासून या मंडळींनी घालून घेतला आहे.

हे नियम वाचताना माझ्यातील शिक्षक जागा होतो. परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक असतो, ग्रंथालयात नोंदवही असते, आणि आपल्या पाणपोईवरील पेला साखळीने बांधलेला असतो. येथे पेटीला कुलूप नाही, पहारा नाही, आणि शोधणारा बहुधा एकटाच असतो. त्याने पेटी उचलून नेली, तर त्याला पाहणारे कोणी नाही. काही पेट्या चोरीसही जातात. पण पहिल्या बादलीनंतर आठच दिवसांनी, ११ मे २००० रोजी, कॅन्सस राज्यात मिंगो या ठिकाणी ठेवलेली जागा आजही शोधली जाते. याचा अर्थ एवढाच की, कोणी पाहत नसताना वस्तू जागेवर ठेवणाऱ्यांची संख्या ती नेणाऱ्यांहून फार मोठी आहे. पेल्याला साखळी बांधण्याची सवय झालेल्या आपल्या समाजाने या आकडेमोडीचा विचार करावा, असे मला वाटते.

आपल्या देशात अशा पेट्या आहेत, परंतु विरळ. त्या का वाढल्या नाहीत याची काही कारणे सबळ आहेत. स्थानकावर बेवारस वस्तू दिसली की पोलिसांस कळवावे, असे आपणच मुलांना शिकवितो आणि ते योग्यच आहे. इंग्लंडातही २०११ साली वेदरबी गावात अशी एक पेटी बॉम्ब समजून पथकाने उडवून दिली होती. आपली बेळगाव, महू, सिकंदराबाद ही लष्करी छावण्यांची गावे. तेथे आडबाजूस डबा ठेवणे अनर्थकारक. संरक्षित किल्ले व लेणी यांतही ठेवू नये. परदेशातून येणाऱ्या मुलांना आणखी एक सांगावे. केवळ संकेत घेणारे जीपीएस यंत्र निराळे आणि उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारे यंत्र निराळे. दुसऱ्यासाठी भारतात शासनाचा परवाना लागतो, आणि तो नसल्याने विमानतळावर अटक झाल्याची उदाहरणे आहेत.

म्हणून आरंभ शाळेच्या किंवा मंडळाच्या आवारातच करावा. पाच जुने जेवणाचे डबे घ्यावेत, प्रत्येकात एक वही ठेवावी आणि मुलांकडून पावले मोजवून आवाराचा नकाशा काढवावा. होकायंत्र आणि पावलांची संख्या एवढ्यावर डबे शोधावयास सांगावे. इतक्या लहान जागेत मोबाईलची गरजच नाही. डबे तसेच जागेवर राहू द्यावेत आणि महिन्याने मोजावेत. किती उरले यावरून भूगोलाखेरीज आणखी एका विषयाचे गुण आपणांस कळतील.

आपल्या किल्ल्यांच्या भिंतींवर नावे कोरलेली पाहून आपण हळहळतो. आपण येथे आलो होतो हे कोठेतरी उमटावे ही हौस वाईट नव्हे. तिला जागा चुकीची मिळते. या पेटीतील वही ही त्या हौसेची योग्य जागा. तीत कोणत्या लिपीत लिहावे याचा निर्बंध नाही. तेव्हा ऑरेगनच्या रानात किंवा डार्टमूरच्या माळावर एखादी पेटी उघडण्याचा योग आपणांस आला, तर नाव देवनागरीत लिहावे, खाली आपल्या गावाचे नाव घालावे, आणि झाकण घट्ट लावून पेटी होती तेथेच ठेवावी.