तेंच गाणें पुनः विकत घ्यावें काय ?

पुस्तक एकदां घरांत आलें म्हणजे तें जीर्ण होईपर्यंत पुरतें. केवळ कागद अधिक पांढरा निघाला म्हणून जुनी प्रत टाकून नवी घेणारा वाचक विरळाच. परंतु गाण्याच्या बाबतींत गेल्या साठ-सत्तर वर्षांत असा चमत्कार घडला आहे कीं, एकाच माणसानें एकच गाणें आयुष्यांत चार-पांच वेळां विकत घ्यावें, आणि तरीहि तें आपल्यापाशीं पुरतेपणीं आलें नाहीं असें त्यास वाटत राहावें. प्रथम काळी तबकडी आली, मग कॅसेट, १९८२ सालीं सीडी, त्यानंतर संगणकांतील एमपी-थ्री, आणि आतां ‘हाय-रेझोल्यूशन’ ह्या भारदस्त नांवाची डिजिटल प्रत. प्रत्येक वेळीं विक्रेता सांगतो कीं, आजवर तुम्हीं ऐकलें तें खऱ्या गाण्याची केवळ छाया होती. मूळ गाणें आतां आम्ही देत आहों. ह्या आश्वासनांत सत्य किती आणि भूल किती, ह्याचा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

उदाहरणाकरितां ‘क्वीन’ ह्या इंग्रज वाद्यवृंदाचा ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’ हा १९७५ सालचा आल्बम घेऊं. रॉक संगीतांत ज्यांस अभिजात म्हणावें अशा मोजक्या आल्बमांत त्याची गणना होते. शिवाय आपणां महाराष्ट्रीयांस तो अगदींच परका नाहीं. त्याचा प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी हा जन्मानें पारशी, मूळचा फारोख बलसारा. १९४६ सालीं झांझिबार येथें त्याचा जन्म झाला आणि त्याचें बाळपणींचें शिक्षण पांचगणीच्या सेंट पीटर्स ह्या शाळेच्या वसतिगृहांत राहून झालें. तेथेंच त्यानें पियानो वाजविला आणि सोबत्यांना जमवून आपला पहिला वाद्यवृंद काढला. आपल्यासारख्याच एका मिशनरी परंपरेच्या शाळेंतला हा मुलगा होता, हें लक्षांत ठेवावें. लेखाच्या शेवटीं त्याचा उपयोग होणार आहे.

ह्या आल्बमची सीडी मजपाशीं वीस-एक वर्षांपासून आहे. गेल्या वर्षीं माझ्या भाच्यानें मला सांगितलें, “मामा, तुमची सीडी सोळा बिटांची. आतां चोवीस बिटांची प्रत मिळते. ती घेतल्यावांचून तुम्हीं हें गाणें ऐकलेंच नाहीं असें समजा.” मी किंमत पाहिली आणि थबकलों. पैसा हातांत होता, मोहहि होता. परंतु घेण्यापूर्वीं ह्या आंकड्यांचा अर्थ काय हें समजून घ्यावें असें मीं ठरविलें.

डिजिटल ध्वनिमुद्रणांत आवाजाच्या लाटेची उंची दर सेकंदास हजारों वेळां मोजून ते आंकडे लिहून ठेवितात. सीडीवर हें मोजमाप सेकंदास ४४,१०० वेळां होतें, आणि प्रत्येक माप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर, लिहिलें जातें. नव्या प्रतींत तेंच मोजमाप ९६,००० किंवा १,९२,००० वेळां होतें आणि पायऱ्या १,६७,७७,२१६ असतात. हे आंकडे वाचून मनुष्य दिपून जातो. त्यास वाटतें कीं, जुनी प्रत म्हणजे ओबडधोबड जिना आणि नवी म्हणजे गुळगुळीत उतरण. परंतु ही उपमा फसवी आहे. नायक्विस्ट व शॅनन ह्या शास्त्रज्ञांच्या सिद्धान्तानुसार मोजमापांच्या निम्म्या संख्येपर्यंतचीं सर्व कंपनें त्या आंकड्यांतून पूर्णपणें परत उभीं करितां येतात. बाहेर पडणारी लाट जिन्यासारखी नसून अखंडच असते. सीडीची मर्यादा अशा रीतीनें २२,०५० हर्ट्झ येते. निरोगी तरुण कानाची मर्यादा २०,००० च्या सुमारास असते आणि वयाबरोबर ती खालीं येत जाते. येथें दैवाचा थोडा विनोदहि आहे. १९७५ सालचें गाणें पुनः विकत घेण्याची हौस ज्यांना अधिक, त्या पन्नाशी-साठी उलटलेल्या रसिकांचे कानच त्या वरच्या कंपनांस सर्वांत आधीं पारखे झालेले असतात.

बिटांची गोष्टहि अशीच आहे. सोळा बिटांत अत्यंत हळू व अत्यंत मोठा आवाज ह्यांमधील सुमारें ९६ डेसिबलचें अंतर मावतें. ज्या चुंबकीय फितीवर हा आल्बम ध्वनिमुद्रित झाला, त्या जातीच्या फितीची मूळ धांव सत्तर डेसिबलच्या आसपास असते. त्याखालीं फितीचीच खरखर लागते. त्यांतून ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ ह्या पांच मिनिटें पंचावन्न सेकंदांच्या गाण्यांत तिघां गायकांचे आवाज थरावर थर देऊन इतक्या वेळां चढविले गेले कीं, फीत झिजून आरपार दिसूं लागली, असें त्या वाद्यवृंदांतल्यांनींच सांगितलें आहे. शेरभर दूध मावणाऱ्या भांड्यांत पाऊणशेर दूध असतां, तें अडीचशेरी भांड्यांत ओतल्यानें दूध वाढत नाहीं.

मग चोवीस बिटांचा उपयोगच नाहीं काय ? तसें नाहीं. ध्वनिमुद्रण चालू असतां, आवाज कमी-जास्त करतांना व अनेक आवाज एकत्र मिसळतांना, त्या जादा पायऱ्या फार कामास येतात. गणिताचा विद्यार्थी मधल्या पायऱ्यांत दशांश चिन्हापुढें पांच-सहा स्थळें ठेवितो, पण उत्तर दोन स्थळांपर्यंतच देतो. त्यांतलाच हा प्रकार. कारागिराच्या कर्मशाळेंतील हत्यार गिऱ्हाइकाच्या घरांतहि असलेंच पाहिजे असा नियम नाहीं.

केवळ तर्कावर कोणी विसंबूं नये म्हणून प्रयोगांचीहि साक्ष काढूं. २००७ सालीं मेयर व मोरन ह्या दोघां अमेरिकनांनीं एक परीक्षा प्रसिद्ध केली. श्रोत्यांस उच्च प्रतीचें ध्वनिमुद्रण ऐकवावयाचें, आणि त्यांस नकळत मध्येंच तें सीडीच्या सोळा बिटांतून काढून ऐकवावयाचें. एकंदर ५५४ वेळांपैकीं २७६ वेळां श्रोत्यांचें उत्तर बरोबर आलें. म्हणजे नाणें उडवून उत्तर दिलें असतें तरी निकाल तोच लागता. फक्त आवाज असह्य इतका वाढविल्यावर शांत जागीं सीडीची सूक्ष्म खरखर कानीं येई. उलट पक्षाचीहि बाजू सांगितली पाहिजे. २०१६ सालीं लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठांतील रीस ह्यांनीं अशा अठरा प्रयोगांतील साडेबारा हजारांहून अधिक चांचण्या एकत्र तपासल्या; त्यांत बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ५२ च्या किंचित् वर आलें, आणि मुद्दाम शिकवून तयार केलेल्या श्रोत्यांचें त्याहून बरें आलें. म्हणजे फरक मुळींच नाहीं असें म्हणणें धाडसाचें होईल; परंतु तो इतका बारीक आहे कीं, त्याच्यासाठीं सबंध संग्रह पुनः विकत घेणें म्हणजे एका तिळासाठीं शेत विकत घेण्यासारखें आहे.

येथें कोणी आक्षेप घेईल, “आम्ही नवी प्रत ऐकली, फरक आम्हांस स्पष्ट जाणवला. आमचे कान खोटें बोलतात काय ?” कान खोटें बोलत नाहींत, पण ते कशाविषयीं बोलतात हें आपण ओळखत नाहीं. नवी प्रत बहुधा निराळ्या हातांनीं, निराळ्या फितीवरून, निराळ्या तोलानें सिद्ध केलेली असते. ती नुसती थोडी मोठ्या आवाजांत असली तरी आपल्या कानास ती ‘अधिक चांगली’ वाटते, हा मनुष्यस्वभाव आहे. ह्या स्वभावाचा फायदा घेऊन कित्येक वर्षें तबकड्या उत्तरोत्तर कर्कश करण्याची चढाओढच लागली होती. २००८ सालीं ‘मेटॅलिका’चा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा आल्बम इतका दाबून बसविलेला निघाला कीं, एका खेळाच्या संगणकीय आवृत्तींतील तींच गाणीं रसिकांना अधिक स्वच्छ वाटलीं, आणि त्यांनीं तो पुनः सिद्ध करण्यासाठीं सह्यांचा अर्ज केला.

नांवाचा प्रभाव कानावर किती पडतो ह्याचा धडा २०२२ सालीं मिळाला. अमेरिकेंतील मोबाइल फिडेलिटी ह्या कंपनीच्या महागड्या तबकड्या संपूर्ण जुन्या, अ-डिजिटल रीतीनें होतात अशा समजुतीनें जाणते संग्राहक त्यांची वाखाणणी करीत असत. कित्येक वर्षें त्यांतील अनेक तबकड्यांच्या सिद्धतेंत डिजिटल टप्पा होता, हें त्या वर्षीं उघडकीस आलें. ज्या कानांनीं डिजिटलास हेटाळिलें होतें, त्याच कानांनीं तें न ओळखतां डोक्यावर घेतलें होतें. त्या रसिकांस मी हंसत नाहीं. त्यांच्या जागीं मीहि तसाच फसलों असतों.

तर मग पुनः विकत घेणें सर्वस्वीं वर्ज्यच काय ? माझ्या मतें तीन प्रसंगीं तें योग्य आहे. पहिला प्रसंग, आपली प्रत खरोखरच निकृष्ट असेल तेव्हां. घासलेली कॅसेट किंवा फार दाबून लहान केलेली जुनी एमपी-थ्री बाजूस सारून सीडीच्या तोलाची प्रत घेतल्यास फरक कोणासहि कळेल. दुसरा प्रसंग, मूळ साधन बदललें असेल तेव्हां. आरंभींच्या कित्येक सीडी तबकडीसाठीं केलेल्या नकलेच्या फितीवरून काढलेल्या होत्या. ‘क्वीन’चे आल्बम २०११ सालीं बॉब लडविग ह्या निष्णात कारागिरानें पहिल्या पिढीच्या फितींवरून पुनः सिद्ध केले. तिसरा प्रसंग, गाण्याची मिसळणच नव्यानें झाली असेल तेव्हां. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ ह्या १९६७ सालच्या आल्बमची नवी मिसळण २०१७ सालीं जाइल्स मार्टिन ह्यांनीं केली. तीसाठीं ते अशा आरंभींच्या फितींकडे गेले कीं, ज्यांवरील आवाज अद्याप एकमेकांत कोंबले गेले नव्हते. लक्षांत घ्या, ह्या तिन्ही प्रसंगीं प्रश्न “बिट किती ?” हा नसून “कोणत्या फितीवरून व कोणाच्या हातून ?” हा आहे, आणि त्याचें उत्तर साध्या सोळा बिटांच्या सीडींतहि पूर्णपणें मावतें.

ज्यास अजूनहि शंका असेल त्यानें घरींच परीक्षा घ्यावी. चोवीस बिटांचें एकच गाणें विकत घ्यावें. संगणकावर त्याचीच सोळा बिटांची नक्कल करावी, म्हणजे दोहोंचें मूळ एकच राहील. दोहोंचा आवाज सारखा ठेवावा. आणि मित्रास न सांगतां कोणतेंहि एक लावावयास सांगून सोळा वेळां ओळखून पाहावें. बारा किंवा अधिक वेळां उत्तर बरोबर आलें तर तें निवळ योगायोगानें येण्याचा संभव शेंकडा चाराहून कमी असतो. अशास नवी प्रत घेण्यास माझी हरकत नाहीं. मी व भाचा दोघांनींहि ही परीक्षा दिली. मला नऊ वेळां ओळखतां आलें, त्याला सात वेळां. बराच वेळ आम्ही कोणीच बोललों नाहीं, मग तो हंसला आणि म्हणाला, “मामा, पैसे वांचले.”

आणखीहि एक विचार आहे, व तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नव्या साधनांची ही सांखळी कोठेंच संपत नाहीं. १९९९ सालीं एसएसीडी आली, तिच्या मागोमाग डीव्हीडी-ऑडिओ आली. दोन्ही सामान्य घरांत रुजल्या नाहींत. नील यंग ह्या थोर गायकानें २०१४ सालीं ‘पोनो’ नांवाच्या यंत्रासाठीं लोकांकडून साठ लाखांहून अधिक डॉलर जमविले. त्याचा हेतु निर्मळ होता, तरीहि तीन वर्षांतच तो उद्योग बंद पडला. २०२१ सालीं तर अॅपलनें आपल्या वर्गणीदारांस ह्याच उच्च प्रती जादा मोबदला न घेतां ऐकावयास दिल्या. आजची ‘अंतिम’ प्रत उद्यांची जुनी प्रत होते. जो मनुष्य आपल्या गाण्यांत उणें काय आहे हेंच शोधीत बसतो, त्याचें गाणें ऐकणें संपतें आणि यंत्र ऐकणें सुरू होतें. असमाधानाला कानांतून वाट मिळाली म्हणजे तें हृदयापर्यंत पोंचतें.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं वडिलांच्या किंवा मामांच्या जुन्या सीडी धूळ खात पडल्या असतील. नवें कांहीं विकत घेण्याआधीं त्या काढा, पुसा आणि दिवा मालवून एक आल्बम आरंभापासून शेवटपर्यंत ऐका. पैसा खर्चावयाचाच असेल तर तो बऱ्याशा कर्णयंत्रावर खर्चा. त्यानें पडणारा फरक आंधळ्या परीक्षेंतहि टिकतो. त्याहूनहि उरला तर एखादें वाद्य घ्या, किंवा शाळेच्या गायनवृंदांत उभे राहा. त्यास तर पैसाहि लागत नाहीं. पांचगणीच्या त्या मुलास शाळेंतील साध्या पियानोनें जें शिकविलें, तें पुढें जगानें ऐकलें.

मी ती प्रत घेतली नाहीं. माझी जुनी सीडी अजून वाजते, आणि परवांच्या रात्रीं भाचा आपण होऊन ती ऐकावयास आला.