पणजोबांची नोंद हा नागरिकांचा हक्क आहे

पूर्वजांचा माग काढणे हा फुरसतीचा उद्योग आहे, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे. जातपडताळणी समितीपुढे उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला विचारा. अनुसूचित जमातीच्या दाव्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाच्या दाव्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा रहिवास सिद्ध करावा लागतो. त्यासाठी आजोबा, पणजोबा कागदावर सापडावे लागतात. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्या माणसाच्या नोंदीवर त्याच्या नातवंडांचे पोर्तुगीज नागरिकत्व अवलंबून असते. आसाममध्ये १९५१च्या नागरिक नोंदवहीतले किंवा जुन्या मतदार यादीतले पूर्वजाचे नाव हाच नागरिकत्वाचा मुख्य आधार ठरला. अशा देशात सामान्य माणसांच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या सार्वजनिक संपत्ती मानल्या पाहिजेत. त्या जपल्या पाहिजेत आणि ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुल्या झाल्या पाहिजेत. त्यासाठी पुढील मुद्दे मांडतो.

१. जनगणनेत आपली संख्या उरते, माणूस उरत नाही.

१८७२ मध्ये देशात पहिली जनगणना झाली. १८८१ पासून २०११ पर्यंत ती दर दहा वर्षांनी झाली. प्रगणक दारोदार गेले, त्यांनी नाव, वय, धंदा लिहून घेतला. त्यातून तयार झालेले तक्ते ग्रंथालयांत आहेत. घराघरांची मूळ पत्रके मात्र तुम्हाआम्हाला पाहता येत नाहीत. तक्ता तयार झाला की पत्रकाचे काम संपले, अशीच आपली रीत राहिली. शिवाय १९४८च्या जनगणना कायद्याचे कलम १५ सांगते की या नोंदी कोणाला पाहता येणार नाहीत. जिवंत माणसासाठी ही गुप्तता आवश्यकच आहे, नाहीतर कोणी खरे सांगणार नाही. पण या गुप्ततेला मुदत नाही. इंग्लंडमध्ये ती शंभर वर्षांची आहे. तिथली १९२१ची पत्रके जानेवारी २०२२ मध्ये लोकांना खुली झाली. १९३१ची पत्रके १९४२च्या आगीत जळाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणनाच झाली नाही, त्यामुळे पुढची पत्रके आता थेट २०५२ मध्ये उघडतील. एका आगीची हळहळ तिथले लोक आजही करतात. आपण तर आग न लागताच सगळे गमावत आलो.

२. दोन जनगणनांच्या मधे मेलेले कोणत्याच तक्त्यात नसतात.

१९१२ मध्ये जन्मलेले आणि १९१८च्या तापाच्या साथीत गेलेले मूल १९११च्या जनगणनेत नाही आणि १९२१च्याही नाही. त्या दशकात भारताची लोकसंख्या घटली, हे आपण शाळेत शिकतो. ज्यांच्या जाण्याने ती घटली, त्यांची नावे मृत्यूच्या वहीतच मिळतील. १८९६ पासूनच्या प्लेगचेही तेच. मुंबई सोडून गावाकडे निघालेली माणसे वाटेत गेली, परक्या गावात पुरली किंवा जाळली गेली. घरच्यांना वर्षानुवर्षे न सापडणारा पूर्वज बहुधा असाच दुसऱ्या गावाच्या वहीत असतो. म्हणून एका गावाची वही पुरत नाही. आसपासच्या सगळ्या वह्या एकत्र शोधता आल्या पाहिजेत.

३. धर्मग्रामांच्या (पॅरिशच्या) वह्या ही आपल्या किनाऱ्यावरची सर्वांत जुनी नागरी नोंद आहे.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाची नोंद सक्तीची केली आणि बाप्तिस्म्याच्या वहीचीही व्यवस्था घालून दिली. १६१४च्या रोमन विधिग्रंथाने पाच वह्यांचे नमुने दिले : बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि पाचवी 'आत्म्यांची स्थिती'. ही पाचवी वही म्हणजे धर्मग्रामातील कुटुंबवार शिरगणती होय. सरकारने माणसे मोजायला सुरुवात करण्याआधी अडीचशे वर्षे ही पद्धत ठरलेली होती. गोवा, वसई, साष्टी, मुंबई इथल्या चर्चमध्ये पोर्तुगीज, लॅटिन आणि पुढे इंग्रजीत लिहिलेल्या अशा वह्या आहेत. नीट लिहिलेल्या मृत्यूनोंदीत नाव, वय, वडील किंवा जोडीदार, राहण्याचे ठिकाण, मृत्यूपूर्वी अखेरचे धर्मसंस्कार मिळाले की नाही आणि कुठे पुरले हे असते. शेतात राबलेल्या, एकही कागद न केलेल्या माणसाचे पूर्ण चरित्र अनेकदा त्या चार ओळींतच असते.

४. नोंद सापडणे म्हणजे माणूस सापडणे नव्हे.

धर्मांतराच्या वेळी धर्मगुरूचे किंवा धर्मपित्याचे आडनाव लागल्याने अख्ख्या गावात डिसोझा आणि परेरा झाले. एकाच पिढीत तीन फ्रान्सिस परेरा असतात. स्त्रीचे नाव काही ठिकाणी गाळून 'अमक्याची पत्नी' एवढेच लिहिलेले असते. वय अंदाजाने सांगितलेले असते. पन्नास, साठ, पासष्ट असे गोल आकडे जनगणनेतही भरलेले दिसतात आणि दफनाच्या वहीतही. म्हणून जाणकार एका नोंदीवर थांबत नाहीत. मृत्यूवरून विवाहाकडे, विवाहावरून बाप्तिस्म्याकडे उलटे जातात. धर्ममाता-धर्मपित्यांची नावे, आळी किंवा वाडा, साक्षीदार जुळतात का, ते पाहतात. त्यासाठी पाने चाळायला मिळावी लागतात. एका नावाचा एक दाखला हातात देऊन खिडकी बंद केली, तर चुकीचा पणजोबा पदरात पडतो आणि तीच चूक पुढच्या प्रत्येक कागदात उतरते.

५. कबर टिकत नाही, वहीच टिकते.

मुंबईत आणि गोव्यात दफनभूमीची जागा अपुरी आहे. काही वर्षांनी कबर उघडून अस्थी बाजूला ठेवतात आणि तीच जागा दुसऱ्याला देतात. ही व्यवहाराची गरज आहे, तिला दोष देता येणार नाही. पण मग पणजोबांची खूण सांगणारा दगड उरत नाही. हिंदूंच्या दहनात तर दगडाचा प्रश्नच नाही. तिथे गाव नमुना १४, कोतवाल बुक, नगरपालिकेचे मृत्यूरजिस्टर आणि त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या एवढाच आधार आहे. धर्म कोणताही असो, अखेर सगळी भिस्त कागदावर आहे, आणि तो कागद कोकणच्या दमट हवेत कसरीच्या तोंडी पडला आहे.

६. मनात आणले तर शासन हे करू शकते.

मराठा आरक्षण आंदोलनानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याचे काम हाती घेतले, तेव्हा तहसील, शाळा, कारागृह, भूमी अभिलेख अशा अनेक कार्यालयांतली दप्तरे बाहेर निघाली. मोडी वाचकांना एकाएकी मागणी आली. आरक्षणाबद्दल मत काहीही असो, त्या शोधाने एक गोष्ट सिद्ध केली : वह्या आहेत आणि वाचताही येतात. मग आंदोलन होईपर्यंत थांबायचे कशाला? ज्या जमातीमागे मोर्चा नाही, ज्या विधवेमागे संघटना नाही, तिच्या आजोबांचीही नोंद तितक्याच तत्परतेने निघाली पाहिजे.

७. खासगीपणाची काळजी रास्त आहे आणि तिला उत्तर आहे.

जुन्या वह्यांत अनौरस संतती, आत्महत्या, लपवलेले आजार यांच्या खुणा असतात. लहान गावात त्यांचा उपयोग कोणाला टोचण्यासाठी होऊ शकतो. म्हणूनच मुदत हवी : बाप्तिस्मा व जन्मासाठी १०० वर्षे, मृत्यूसाठी ७५ वर्षे. १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदाही हाच समतोल साधतो. त्याच्या कलम १७ नुसार कोणीही नोंदीचा शोध मागू शकतो, मात्र मृत्यूच्या प्रमाणपत्रात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. तत्त्व आधीच मान्य आहे, ते फक्त जुन्या वह्यांपर्यंत पोहोचवायचे आहे.

८. चर्चच्या वह्या हिसकावू नका, त्यांच्या प्रती काढा.

या वह्या धर्मग्रामाच्या आहेत आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जपण्याचे बंधन चर्चच्या कायद्यातच आहे. आयर्लंडने वाट दाखवली आहे. १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराचा स्फोटात आणि आगीत नाश झाला, त्यात १८२१ ते १८५१ या काळातली जनगणनेची बहुतेक पत्रके गेली. मग तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथलिक धर्मग्रामांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे घेतली आणि २०१५ मध्ये ती सर्वांना विनामूल्य पाहता येतील अशी ठेवली. मूळ वह्या चर्चच्या, प्रती लोकांच्या. वसई, मुंबई आणि गोव्याच्या धर्मप्रांतांशी त्या त्या राज्य शासनाने असाच करार करावा.

९. आता काय करायचे?

पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक बहुतेक देशासाठी १ मार्च २०२७ आहे. ती डिजिटल असेल आणि तीत जातही नोंदली जाईल. म्हणून निर्णय आत्ताच हवा. पहिले, जनगणना कायद्यात शंभर वर्षांची मुदत घाला आणि पत्रके तोपर्यंत सुरक्षित ठेवण्याचे बंधन घाला. दुसरे, प्रत्येक जिल्ह्यात मृत्यूरजिस्टर, कोतवाल बुके आणि नमुना १४ यांचे पानोपान चित्रीकरण करून ते जिल्हा ग्रंथालयात ठेवा. तिसरे, मोडी, पोर्तुगीज आणि लॅटिन वाचणाऱ्यांची कायम पदे भरा आणि विद्यापीठांत त्यांचे शिक्षण द्या. चौथे, शोधाचे शुल्क नाममात्र ठेवा, म्हणजे दलालाकडे जावे लागणार नाही. यातले शेवटचे तीन निर्णय राज्य शासनाच्या हातात आहेत. आपापल्या ग्रामसभेत, नगरपालिकेत आणि धर्मग्राम परिषदेत याच वर्षी हे ठराव मांडा, कारण वाळवी अधिवेशनाची वाट पाहत नाही.