चावी रुसली, तर चौदा हजार?

नोव्हेंबर म्हणजे चेन्नईत ऐन पावसाळा. आम्ही अडयारहून तिरुवल्लिकेणीला पार्थसारथीच्या दर्शनाला गेलो होतो. देवळाभोवतीच्या गल्ल्यांत गाडी लावायला जागा मिळणं कठीण, म्हणून ती लांब भारती सालैवर, समुद्राच्या बाजूला लावली होती. परत येऊन रिमोटचं बटण दाबलं, तर गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं, जवळ जाऊन दाबलं, काचेला टेकवून दाबलं. सासूबाई पावसात उभ्या. शेवटी गाडी तिथेच सोडून ऑटोने घरी आलो. सकाळी वर्कशॉपला फोन केला, तर एका वाक्यात निकाल मिळाला : ‘‘नवीन चावी घ्यावी लागेल, प्रोग्रॅमिंगसह चौदा हजार.’’

तुम्हालाही असा आकडा कधी ऐकायला मिळाला, तर लगेच ‘हो’ म्हणू नका. आधी हातातल्या त्या प्लॅस्टिकच्या डबीत काय काय आहे, ते पाहा.

तिच्यात खरं तर तीन चाव्या असतात. पहिली, दार उघडणारा रिमोट. तो सेलवर चालतो. दुसरी, इंजिन सुरू करायला परवानगी देणारी इवलीशी चिप. तिला सेल लागत नाही, गाडीतल्या कॉइलमधूनच तिला ऊर्जा मिळते. तिसरी, साधं लोखंडी पातं. बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांच्या फॉबमध्येही ते आत दडवलेलं असतं. कडेचा छोटा खटका सरकवला की बाहेर येतं. म्हणजे त्या रात्री आम्ही पात्याने दार उघडून, ब्रेक दाबून, फॉब स्टार्टच्या बटणाला टेकवून आरामात घरी येऊ शकलो असतो! (फॉब नेमका कुठे टेकवायचा, ते प्रत्येक गाडीत वेगळं असतं. मॅन्युअलमधलं ते पान आजच शोधून मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.)

आता तपासणी. सगळ्यात आधी घरातली दुसरी चावी वापरून बघा. तीही चालली नाही, तर दोष बहुधा चावीत नाही. गाडीची बॅटरी उतरली असेल किंवा गाडीतला रिसीव्हर बिघडला असेल. दुसरी चालली, तर पहिलीचा सेल बदला. तो बहुतेक वेळा सीआर २०३२ असतो. या आकड्यातच त्याचं माप आहे : २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. दुकानदाराने ‘चालेल’ म्हणत २०२५ दिला, तर तो २.५ मिलिमीटरच जाड असल्याने सैल बसतो, आणि दोष पुन्हा चावीवर येतो. जुना सेल तिथल्या तिथे फेकू नका. लहान मुलाने असा सेल गिळला, तर अन्ननलिकेत दोन तासांतच गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. तशी नुसती शंका आली, तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं.

आमची दुसरी चावी चालत होती. पहिलीचा सेल बदलूनही ती मुकीच राहिली. मग ती घेऊन रिची स्ट्रीटला गेले. तिरुवल्लिकेणीहून माउंट रोड ओलांडला की इलेक्ट्रॉनिक्सचा हा बाजार लागतो. तिथल्या कारागिराने डबी उघडून दाखवली : सेलला टेकणाऱ्या पट्टीवर हिरवट थर, आणि एका बटणाचा टाका सुटलेला. खारी हवा आणि आमची पर्समध्ये चावी कोंबायची सवय! त्याने साफसफाई केली, नवा टाका मारला आणि तीनशे रुपये घेतले. ‘सावी ओके,’ तो म्हणाला. तमिळमधली ‘सावी’ आणि आपली ‘चावी’, दोन्ही पोर्तुगीजांकडूनच आलेल्या, त्यामुळे दुभाष्याची गरज पडली नाही.

अर्थात, दर वेळी तीनशेत भागत नाही. चावी हरवली किंवा आतली चिपच गेली, तर नवी घेऊन गाडीशी जुळवावीच लागते. पैसे मुख्यतः प्लॅस्टिकचे नसतात, त्या जुळवणीचे असतात. कारण यंत्र आणि कोड कोणाच्या हातात आहेत, त्यावर भाव ठरतो. हीच तक्रार भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेली होती. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या मेकॅनिकना मिळू देत नाहीत, म्हणून आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. त्याआधी एका कंपनीने चौकशीलाच मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. ते २०१५ मध्ये फेटाळलं गेलं. दंडाचं प्रकरण पुढे वरच्या न्यायालयांत गेलं. पण बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, हे आयोगाने त्या आदेशात म्हटलं होतं, एवढं लक्षात असू द्या.

म्हणून वर्कशॉपमध्ये लेखी अंदाजपत्रक मागा : चावीचे किती, पातं कापायचे किती, प्रोग्रॅमिंगचे किती. ‘फक्त वरचं कव्हर मिळेल का?’ हेही विचारा. बटणं झिजली असतील, तर पुष्कळदा तेवढंच पुरतं. हरवलेली चावी गाडीच्या मेमरीतून काढून टाकायला सांगा. त्यासाठी उरलेली चावी सोबत न्यावी लागते. आणि एक चावी शिल्लक असतानाच दुसरी करून घ्या. दोन्ही गेल्या, तर खर्च आणि खटपट दोन्ही वाढतात. बिल अवाच्या सवा वाटलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आता या सगळ्यातली खरी महागडी चूक. वर्कशॉपवाले बिघडलेली चावी ठेवून घेतात आणि आपणही ‘तिचं काय करायचं’ म्हणून सोडून येतो. पण गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी मूळ चाव्या मागते. एक कमी असेल, तर प्रश्न सुरू होतात, आणि तेव्हा गोष्ट चौदा हजारांची राहत नाही, अख्ख्या गाडीची होते. तेव्हा जुनी चावी परत मागून घ्या. हरवली असेल, तर पोलिसांत नोंद करा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि नव्या चावीचं बिल जपून ठेवा. विम्यात चावीचं वेगळं संरक्षण जादा हप्ता भरून मिळतं. मात्र ते घेण्याआधी त्यात नुसता बिघाड धरला आहे की फक्त हरवणं आणि चोरी, हे वाचून घ्या.

आमची तीनशे रुपयांची चावी अजून चालते आहे. दुसरी कपाटातल्या डब्यात असते. सेल कधी बदलला, ती तारीख डब्यावर सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लिहून चिकटवली आहे.