आखूड नळी आणि अर्धवट नियम

"नळी आखूड असेल तर भरभर जळणारी दारू, लांब असेल तर सावकाश जळणारी." अमेरिकेत घरी काडतुसं भरणाऱ्या हौशी मंडळींचा हा आवडता नियम. (ही दारू प्यायची नव्हे!) ऐकायला एकदम लॉजिकल वाटतो. माझ्या मते तो अर्धवट आहे, आणि अर्धवट नियम चुकीच्या नियमापेक्षा जास्त घातक असतो.

आता कारध्याच्या सॉफ्टवेअरवाल्याने ह्यात नाक का खुपसावं? आपल्याकडे तर १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हाच. पण आमच्या गावातून वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा, आणि पुढे नागपूर रोडवर जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी. तिथे दारू आणि स्फोटकं बनतात. म्हणजे जगात जो हौसेचा विषय, तो आमच्याकडे शेजाऱ्यांच्या ड्युटीचा विषय.

मुद्द्यावर येतो. रायफलच्या नळीत दाबाचा कळस गोळी जेमतेम काही सेंटीमीटर सरकलेली असतानाच येतो. दारूचा बराचसा भाग तेव्हाच, नळीच्या सुरुवातीच्या टप्प्यात जळतो. त्यामुळे लांब नळीत ज्या दारूने सर्वाधिक वेग मिळतो, तीच बहुतेक वेळा आखूड नळीतही सर्वाधिक वेग देते. भरभर जळणारी दारू घेतल्याने वेग आपोआप वाढत नाही. फायदा होतो तो तोंडाशी जाळ आणि दणका कमी होण्यात. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या, पण वेगळ्या.

आणि नळीची लांबी हा एकच पॅरामीटर नाही. एम-१६ रायफलचं उदाहरण घ्या. १९६४ मध्ये अमेरिकन लष्कराने तिच्या काडतुसातली दारू बदलली. नळी तीच, २० इंची. पण नव्या दारूमुळे गॅसच्या छिद्रापाशी दाब वाढला, रायफल ठरल्यापेक्षा जोरात चालू लागली, काजळीही वाढली. व्हिएतनाममध्ये ऐन लढाईत रायफली अडकल्या, सैनिक मेले. १९६७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीने ह्यावर कडक ताशेरे ओढले. आमच्या भाषेत सांगायचं तर एक लायब्ररी बदलली आणि रिग्रेशन टेस्ट न करता थेट प्रॉडक्शनला ढकलली.

पुढे त्याच घराण्यातली एम-४ आली, नळी १४.५ इंच. जुनं काडतूस तिच्यात सेकंदाला साधारण ४० मीटर वेग गमावायचं. शेवटी २०१०च्या सुमारास नवं काडतूस आलं, तेव्हा दारू ह्या आखूड नळीचा विचार करून निवडली. गोळी, दारू, जाळ, सगळं एकत्र बघून.

तोफांमध्ये हे आणखी स्पष्ट दिसतं. तिन्ही १५५ मिमीच्या, पण बोफोर्सची नळी ३९ कॅलिबर, म्हणजे सुमारे ६ मीटर. धनुषची ४५, सुमारे ७ मीटर. आणि पुण्याच्या एआरडीईने विकसित केलेल्या एटीएजीएसची ५२, सुमारे ८ मीटर. पण एटीएजीएसची नुसती नळी लांबवली नाही. दारू भरायची कोठीही २५ लिटरची केली. अख्खी सिस्टिम बदलली.

म्हणून माझं मत साधं आहे. नळी कापा, दारू बदला, कंत्राटदार बदला, काहीही करा. पण हत्यार आणि काडतूस हे एकच प्रॉडक्ट समजून पुन्हा पूर्ण टेस्ट करा. डेडलाइन गेली तरी चालेल.

२४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरला स्फोट झाला आणि किमान आठ कामगार गेले. त्या दुर्घटनेचा नळीच्या लांबीशी काही संबंध नाही, हे खरं. पण न जुळणारी दारू परत येते, तेव्हा तेच जीवघेणं काम कुणालातरी पहिल्यापासून करावं लागतं. आमच्या बगला फार तर एक रात्र लागते. तिथला रीवर्क इतका स्वस्त नसतो.