जोडीने फक्त देवालाच जायचं का?

मराठीत 'जोडीने' असा एक गोड शब्द आहे. मी पडले कॉन्व्हेंटची, माझं मराठी कसं आहे ते वर्गात सगळ्यांना माहीत आहेच (कृपया हसू नये!), पण या शब्दाला इंग्लिशमध्ये नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. सत्यनारायणाला जोडीने बसतात. लग्न झाल्यावर कुलदेवतेला जोडीने जातात. वास्तुशांतीचं आमंत्रण देताना 'जोडीने यायचं हं' असं बजावतात. पण देव नाही, पूजा नाही, कुणाचं कार्य नाही, आणि नवरा-बायको नुसतेच फिरायला गेले, तर तिथे हा शब्द कोणी वापरत नाही. तिथे भुवया उंचावून विचारतात, "दोघंच गेले?"

गेल्या डिसेंबरमध्ये माझा मावसभाऊ आणि वहिनी आठ दिवस प्रागला जाऊन आले. थंडी शून्याच्या आसपास, दुपारी चारला अंधार, आणि मोबाइलवर फोटोंचा पाऊस! १३५७ साली पायाभरणी झालेला चार्ल्स ब्रिज, चौकातलं १४१० सालचं घड्याळ. त्यात तास पडला की वरच्या खिडक्यांतून येशूच्या शिष्यांच्या मूर्ती फिरतात. (मेकॅनिकलवाल्यांनो, सहाशे वर्षं! आणि आपल्या वर्कशॉपमधलं लेथ मशीन?) आई एकेक फोटो मोठा करून बघत होती. मला वाटलं, आता घड्याळाबद्दल काहीतरी विचारेल. तर म्हणाली, "दोघंच होते ना? मग हा फोटो काढला कोणी?"

वहिनी परत आल्यावर मी तिला विचारलं, सगळ्यात जास्त काय आवडलं? राजवाडा, चर्च, ख्रिसमसचा बाजार, असं काहीतरी अपेक्षित होतं. ती म्हणाली, "पुलावरून हात धरून चाललो आणि एकानेही वळून बघितलं नाही."

मी हे वाक्य ऐकून अक्षरशः गप्प झाले. दोन माणसांची विमानाची तिकिटं, वर माणशी ९० युरो नुसती व्हिसाची फी, स्वेटर, जॅकेट, बूट. एवढं करून जी गोष्ट सगळ्यात जास्त आवडली, ती ही? प्राग सुंदर आहेच, ज्यांना परवडतं त्यांनी जरूर जावं, मलाही जायचंय. पण युरोपने जी गोष्ट वहिनीला फुकट दिली, ती आपण आपल्या माणसांना द्यायला काय हरकत आहे? त्याला व्हिसा थोडाच लागतो?

आणि जुनं युरोपियन शहरच बघायचं असेल तर ते आपल्या शेजारी आहे! भिवंडी रोड स्टेशनवर वसईकडे जाणारी गाडी पकडायची. खारबाव, कामण रोड, जूचंद्र, की आलं वसई रोड. (गाड्या मोजक्याच आहेत, टाइमटेबल बघून निघा.) तिथून बस किंवा रिक्षा. आपण 'वसईचा किल्ला' म्हणतो, पण तटाच्या आत अख्खं शहर होतं. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली, आणि पुढची दोनशे वर्षं त्यांनी तिथे चर्च, मठ आणि घरं बांधली. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, प्रत्येकाचं चर्च वेगळं. आज छपरं नाहीत, पण कमानी आणि उंच भिंती आहेत. शाळेत सिस्टर आम्हाला संत गोन्सालो गार्सियांची गोष्ट सांगायच्या. ते याच वसईचे. १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं. सिस्टरांची गोष्ट तिथेच संपायची. चिमाजी अप्पा मला घरी समजले.

१७३९ सालचा वसईचा वेढा सगळ्यांना माहीत असतो. तटाला सुरुंग लावले, मे महिन्यात वसई पडली, आणि पोर्तुगीजांना बायकामुलांसकट सुखरूप जाऊ दिलं. पण या मोहिमेत ज्यांनी मोठी मदत केली ते गंगाजी नाईक अंजूरचे, म्हणजे आपल्या भिवंडी तालुक्यातले, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आणि वज्रेश्वरी? वसई मिळाली तर देऊळ बांधीन असा नवस चिमाजी अप्पांनी तिथे केला होता, असं सांगतात. माझे आई-बाबा लग्नानंतर वज्रेश्वरीला जोडीने गेले होते. म्हणजे बघा, नवसाच्या देवळात जायचं, ओटी भरायची, हे सगळ्यांना चालतं. पण ज्या वसईसाठी नवस होता तिथे दोघांनी जायचं म्हटलं की लोकांच्या पोटात दुखतं!

हे मी हवेत बोलत नाही. या जानेवारीत आम्ही कॉलेजची काही मुलं-मुली किल्ला बघायला गेलो होतो. एका पडक्या चर्चच्या पायऱ्यांवर एक काका-काकू बसले होते. पन्नाशीचे असतील. डब्यातली पोळीभाजी खात होते, काकूंनी चप्पल काढून पाय लांब केले होते, बस्स. आमच्यातल्या एकाने शिट्टी वाजवली, दुसरा ओरडला, "काका, सेकंड हनिमून का?" सगळे हसले. काकूंनी पाय आत घेतले, डबा बंद केला, आणि दोन मिनिटांत ते उठून गेले. डबा अर्धा तसाच होता.

आता कोणी म्हणेल, तिथे जोडपी कशी वागतात ते तुला माहीत नाही. भिंतींवर नावं कोरतात हे मी पाहिलंय, आणि त्याचा मलाही राग येतो. संरक्षित वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड असा कायदा आहे, तो खुशाल लावावा. पण नाव कोरणं हा गुन्हा आहे, शेजारी बसणं नाही. आणि गंमत अशी की शिट्टी मारणाराच नंतर तटावर स्वतःचं नाव लिहायला खडू शोधत होता.

मुलींना तर आणखी एक गोष्ट कळते. आपल्या आया एकट्याने कुठे जात नाहीत आणि नवऱ्याबरोबरही 'दोघंच' जात नाहीत. गेल्या तर आपण, आजी, आत्या, पाण्याचा कॅन आणि पुरीभाजी सगळं बरोबर. मग ती ट्रिप कसली, ते घरचंच काम उघड्यावर!

माझे बाबा माणकोलीच्या गोडाऊनमध्ये कामाला आहेत. त्यांना परवा विचारलं, या हिवाळ्यात तुम्ही आणि आई वसईला जाल का? बाबा म्हणाले, "तिथे काय आहे?" पण नाही म्हणाले नाहीत. आईने आधी आमच्या जेवणाचं विचारलं. मॅगी करू म्हटलं. मग म्हणाली, "काकूलाही विचारते, येते का बघू."

मी तिच्या हातातून फोन काढून घेतलाय.